पुढच्या दातांवर पुन्हा पुन्हा अटॅचमेंट येतंय? अलाइनर प्लॅनिंगच्या पसंती एकदा नीट तपासा

"11 आणि 21 वर अटॅचमेंट नको." हे वाक्य मी दीड वर्षात इतक्यांदा टाइप केलं की कीबोर्ड न बघता लिहिता येईल. अलाइनरची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या पारदर्शक ट्रेंची, नवी केस कंपनीला पाठवायची, दोन-तीन दिवसांनी डिजिटल प्लॅन यायचा, आणि वरच्या मधल्या दोन्ही दातांवर, हसताना सर्वात आधी दिसतील अशा जागी, अटॅचमेंट ठेवलेलं असायचं. कमेंट लिहायची, प्लॅन परत पाठवायचा, सुधारून आला की मंजूर करायचा. पुढच्या केसला पुन्हा तेच.

यात मधले चार-पाच दिवस जातात, आणि ते पेशंटचे जातात. माझं क्लिनिक सांगलीत विश्रामबागला आहे. कॉलेजची मुलं, लग्न ठरलेल्या मुली, मार्केट यार्डातली व्यापारी मंडळी असे सगळे येतात. "मॅडम, ट्रे कधी येणार?" या प्रश्नाला "प्लॅन दुरुस्तीला पाठवलाय" हे उत्तर तिसऱ्यांदा देताना मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. म्हणून शेवटी या गोष्टीच्या मुळाशी जायचं ठरवलं. जे सापडलं ते इथे लिहितेय, कारण आपल्या भागातल्या इतर डॉक्टरांशी बोलल्यावर कळलं की हा त्रास मला एकटीला नाही.

पुढच्या दातांवरच्या अटॅचमेंटला आमच्याकडे एवढा विरोध का, हेही सांगते. अटॅचमेंट म्हणजे दातावर चिकटवलेला काँपोझिटचा तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा. ट्रेला दात पकडता यावा म्हणून तो लागतो. पण हा हळदीचा जिल्हा आहे. अटॅचमेंट चिकटवायचा साचा (टेम्प्लेट) काढल्यावर कडेला सुटलेलं जादा काँपोझिट नीट घासून पॉलिश केलं नाही, तर रोजच्या आमटीने पंधरा दिवसांत त्या दाण्याभोवती पिवळी कड दिसायला लागते. कवठे महांकाळची एक पेशंट आरसा हातात घेऊन म्हणाली होती, "मॅडम, दात सरळ व्हायलेत, पण ह्ये दोन ठिपके लांबनं दिसत्यात बघा." तिचं बरोबर होतं.

तर तपास. एका रविवारी क्लिनिक बंद असताना मी शेवटच्या तीन केसचे पहिले, न सुधारलेले प्लॅन शेजारी शेजारी उघडले. एक दातांची गर्दी असलेली, एक फटी असलेली, एक डीप बाइटची (वरचे दात खालच्यांना फार झाकणारी). तिन्ही पेशंटची तोंडं एकमेकांपासून पूर्ण वेगळी. माझा विचार साधा होता: तीन वेगळ्या तोंडांत जे बदलतं ते पेशंटमुळे असणार, आणि जे तिन्हींत सारखंच राहतं ते कंपनीकडच्या माझ्या खात्याच्या सेटिंगमधून येत असणार. कोणताही वारंवार येणारा दोष शोधायला मी आता हीच रीत वापरते.

11 आणि 21 वरची अटॅचमेंट तिन्हींत होती, ती अपेक्षितच होती. पण आणखी एक गोष्ट दिसली, जी एकेक प्लॅन सुटा बघताना कधीच लक्षात आली नव्हती. वरच्या उजव्या सुळ्यावर तिन्हींत अटॅचमेंट होतं आणि डाव्या सुळ्यावर एकातही नव्हतं. खालच्या उजव्या पहिल्या उपदाढेवर होतं, डाव्या उपदाढेवर नव्हतं. तीन माणसांची डावी बाजू एकाच पद्धतीने रिकामी कशी राहील?

कागदावर दोन्ही नंबरपद्धती लिहून काढल्या तेव्हा उलगडा झाला. आपण कॉलेजपासून एफडीआयची दोन आकडी पद्धत वापरतो. पहिला आकडा जबड्याचा चतुर्थांश, दुसरा मध्यापासून मोजलेला दात. त्यामुळे 11 म्हणजे वरचा उजवा मधला पटाशीचा दात आणि 21 म्हणजे वरचा डावा. अमेरिकेत मात्र युनिव्हर्सल पद्धत चालते. तिथे वरच्या उजव्या अक्कलदाढेला 1 धरून वर 16 पर्यंत आणि मग खाली डाव्या अक्कलदाढेपासून 17 ते 32 असे सलग नंबर. त्या पद्धतीत 11 हा वरचा डावा सुळा होतो आणि 21 ही खालची डावी पहिली उपदाढ.

माझ्या खात्याच्या कायमच्या पसंतीत, मोकळ्या मजकुराच्या चौकटीत मी लिहून ठेवलं होतं: 11 आणि 21 वर अटॅचमेंट नको. खातं मात्र सुरुवातीपासून युनिव्हर्सलवर होतं; उघडताना ते कुणी तपासलंच नव्हतं, मीही नाही. म्हणजे प्लॅन करणारे लोक माझी सूचना न चुकता पाळत होते. ज्या दोन दातांना पकडीची खरी गरज होती, त्यांच्यावरचंच अटॅचमेंट माझ्या सांगण्यावरून निघत होतं. केसच्या कमेंटमध्ये मी "पुढच्या दोन दातांवरचं काढा" असं शब्दांत लिहायचे, म्हणून ते तेवढ्यापुरतं सुधारायचं, आणि मूळ सेटिंग तसंच राहायचं.

आता मागे वळून बघितलं की खूण समोरच होती. 32 च्या पुढचे नंबर युनिव्हर्सलमध्ये नाहीतच. 36, 43, 46 असं काही लिहिलं की वाचणाऱ्याला ते एफडीआयच धरावं लागतं. घोळ होऊ शकतो तो 11 ते 18, 21 ते 28 आणि 31, 32 एवढ्याच नंबरांचा. तुमच्या खालच्या जबड्याच्या सूचना बहुतेक बरोबर पाळल्या जात असतील आणि वरच्या जबड्याच्या भलतीकडे जात असतील, तर बाकी काही शोधण्याआधी नंबरपद्धतीचं सेटिंग उघडा.

मी खातं एफडीआयवर आणलं, आणि तेवढ्यावर न थांबता पसंतीच्या चौकटीत दाताचं नाव शब्दांत लिहायला सुरुवात केली: अप्पर राइट सेंट्रल इन्सायझर, आणि मग नंबर. चार शब्द जास्त लागतात, पण चुकीला जागा उरत नाही. त्यानंतरच्या पहिल्या दोन केस आल्या. पुढचे दात मोकळे, दोन्ही सुळ्यांवर अटॅचमेंट. तो प्लॅन उघडल्यावर मी सहायक ताईला हाक मारून स्क्रीन दाखवली होती.

बंदी पाळली गेली, आणि नवा प्रश्न आला

हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो मला. आता पुढच्या दातांवर अटॅचमेंट खरोखरच येईना झालं. तीन-चार महिन्यांनी ओपन बाइटचा (पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत असा) एक मुलगा आठव्या ट्रेला आला. मागच्या दाढा व्यवस्थित बसलेल्या, पण पुढे, दाताची कड आणि ट्रेचं टोक यांच्यामध्ये हवेची फट. प्रोब धरून बघितलं तर नीट अर्धा मिलिमीटर. ट्रे खाली गेला होता, दात वरच राहिला होता. त्या केसमध्ये वरचे पटाशीचे दात खाली ओढायचे होते, आणि माझ्या सरसकट बंदीमुळे त्यांना पकडच नव्हती.

अलाइनरला सर्वात जड जाणाऱ्या हालचालींत दात ओढून लांब करणं येतं. 2009 मध्ये क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी प्लॅनमधली हालचाल आणि तोंडात प्रत्यक्षात झालेली हालचाल ताडून पाहिली, तेव्हा सरासरी अचूकता 41 टक्के निघाली आणि दात ओढण्याची जेमतेम 30 टक्के. 2020 मध्ये त्याच धर्तीवर पुन्हा अभ्यास झाला; मधल्या काळात ट्रेचं मटेरियल आणि अटॅचमेंटचे आकार सुधारले होते, तरी सरासरी 50 टक्क्यांवरच आली. स्क्रीनवर दात जिथे पोचलेला दिसतो, तिथे तोंडात साधारण निम्माच पोचतो. हे आकडे मी प्लॅनिंगच्या टेबलासमोर चिकटवून ठेवलेत, कारण ॲनिमेशन बघताना सगळं झालंच असं वाटायला लागतं.

त्यामुळे माझी कायमची पसंती आता "नको" एवढीच राहिलेली नाही. इंग्रजीत लिहिलेल्या सूचनेचा आशय असा: वरच्या मधल्या दोन दातांवर अटॅचमेंट ठेवू नका, मात्र तो दात ओढायचा असेल, किंवा बराच फिरवायचा असेल, तर ठेवा आणि प्लॅनच्या टिपेत कारण लिहा. कारण लिहून आलं की मी पेशंटला बोलावून समजावून सांगते. त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आधीच लावलं असतं तर चाललं असतं की." पेशंटचा नकार आपण गृहीत धरतो, विचारत नाही. तीन-चार महिन्यांसाठी का, कुठे आणि कसं दिसेल हे सांगितलं तर दहातले आठ जण तयार होतात, हा माझ्या खुर्चीवरचा अनुभव.

सुळ्यांचंही तसंच. सुळा गोल असतो, फिरवायला गेलं की ट्रे त्याच्यावरून घसरतो. वरचा सुळा 15 अंशांपेक्षा जास्त फिरवायचा असेल तर अचूकता आणखी घटते, हेही 2009 च्याच अभ्यासात आहे. तिथे अटॅचमेंटची काटकसर नको.

सूचना एकमेकींना छेद देत असतील तर

"सांगितलेलं ऐकत नाहीत" अशी तक्रार घेऊन एका डॉक्टर मित्राने त्याची पसंतीची यादी दाखवली. आयपीआर (दातांच्या बाजू किंचित घासून जागा करणं) शक्यतो टाळा. खालचे पटाशीचे दात पुढे झुकवू नका. आर्च (दातांची कमान) रुंद करू नका. दाढा मागे नेऊ नका. दात काढायचा नाही. एकेक वाचलं तर प्रत्येक सूचना समंजस आहे. सगळ्या एकत्र पाळायच्या तर पाच मिलिमीटर गर्दीला जागा आणायची कुठून? प्लॅन करणारा माणूस मग यातली कुठली तरी एक मोडतो, आणि कुठली मोडायची हे तोच ठरवतो.

हिशेब एकदा मांडून बघा. खालच्या सहा पुढच्या दातांमध्ये पाच काँटॅक्ट, म्हणजे शेजारचे दात टेकतात त्या जागा, असतात. प्रत्येकी 0.3 मिलिमीटर घासलं तर दीड मिलिमीटर. सुळा आणि उपदाढ यांमधले दोन धरले तर 2.1. राहिले 2.9. पटाशीचे दात एक मिलिमीटर पुढे आले की आर्चमध्ये साधारण दोन मिलिमीटर जागा होते, या ढोबळ नियमाने ते दात जवळजवळ दीड मिलिमीटर पुढे जाणार. ज्याची हिरडी जाड, दाताभोवती हाड भरपूर, त्याला हे चालेल. जिच्या खालच्या हिरडीतून मुळाचा उंचवटा दिसतो, तिला अजिबात नाही. वर्षभरात हिरडी खाली सरकलेली दिसेल.

म्हणून पसंतीत मनाईच्या यादीपेक्षा क्रम लिहावा. माझा क्रम असा आहे: आधी उपदाढांच्या भागात माफक रुंदी, मग आयपीआर, एका काँटॅक्टला 0.5 च्या वर कुठेही नाही, त्यानंतरही कमी पडलं तर दात पुढे, आणि किती पुढे हे टिपेत लिहून पाठवा. तुमचा क्रम वेगळा असू शकेल. क्रम असला म्हणजे तो मोडला गेल्यावर कळतं तरी.

आयपीआरच्या वेळेचा प्रश्न मात्र क्रमाने सुटत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तो जास्त टोचतो. जत, आटपाडीहून येणारा पेशंट सकाळची एसटी धरतो आणि घरी पोचायला संध्याकाळ होते. एक दिवसाची मजुरी किंवा कॉलेज बुडतं. प्लॅनमध्ये आयपीआर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि चौदाव्या ट्रेला थोडं थोडं विखुरलं असेल, तर त्याने चार वेळा यायचं. म्हणून मी पसंतीत टाकलं, की आयपीआर जास्तीत जास्त दोन भेटींत बसवा. आणखी एक पसंती आधीपासून होती: काँटॅक्ट सरळ झाल्याशिवाय आयपीआर नको, कारण एकावर एक चढलेल्या दातांत घासायची स्ट्रिप (पातळ पट्टी) काँटॅक्टपर्यंत जातच नाही, भलतीच बाजू घासली जाते आणि दाताचा आकार बिघडतो.

दोन्ही सूचना योग्यच. पण एकत्र आल्यावर प्लॅनमध्ये खालचे दात पहिल्या दहा ट्रेमध्ये पुढे गेले आणि नंतरच्या दहामध्ये मागे आले. जागा उशिरा मिळणार म्हटल्यावर गर्दी सोडवायला दुसरा रस्ताच नव्हता. शेवटची स्टेज बघितली तर सगळं उत्तम. मधल्या स्टेज एकेक करून पुढे सरकवल्या तेव्हाच ही ये-जा दिसली. तेव्हापासून गर्दी जास्त असेल तर त्या केसच्या फॉर्ममध्ये वेगळं लिहिते: स्ट्रिप आत्ता जाऊ शकेल अशा काँटॅक्टवर पहिल्याच भेटीत, उरलेलं एका भेटीत नंतर. अटॅचमेंट आणि पहिलं आयपीआर एकाच दिवशी उरकतं. त्या दिवशी दीड तासाची अपॉइंटमेंट लागते, पण आटपाडीच्या मुलाची एक फेरी वाचते.

बाइट रॅम्पचं थोडक्यात. डीप बाइट असेल तर वरच्या ट्रेच्या आतल्या बाजूला, पटाशीच्या दातांमागे पोकळ उंचवटे येतात. खालचे दात त्यांवर टेकतात आणि मागच्या दाढा मोकळ्या होतात. माझ्या पसंतीत ते आपोआप येण्यावर टिक होती. मिरजेची एक गाणं शिकणारी मुलगी पहिला ट्रे लावून दोन दिवसांत परत आली. "सा लावताना स घसरतोय, मॅडम." विशारदची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. एरवी जिभेला सवय होते, पण तिला तेवढी सवड नव्हती. परीक्षा होईपर्यंत उपचार थांबवले आणि नवा प्लॅन रॅम्पशिवाय केला. ती टिक आता मी काढून टाकली आहे. पेशंट काय काम करतो हे विचारल्याशिवाय रॅम्प घालत नाही. ओव्हरजेट (वरचे दात खालच्यांच्या पुढे असण्याचं अंतर) जास्त असेल तर खालचे दात रॅम्पपर्यंत पोचतच नाहीत, मग तो असून उपयोगही नसतो.

बदल केला तरी फरक पडत नाही

पसंती बदलली, जतन केली, आणि तरी दुसऱ्या दिवशी आलेल्या प्लॅनमध्ये जुनंच, असं झालं तर आधी केस कधी पाठवली होती ते बघा. माझ्या खात्यात बदल नंतर पाठवलेल्या केसलाच लागू होतो. रांगेत असलेली केस जुन्याच पसंतीवर तयार होते. रिफाइनमेंटचंही (ट्रे संपल्यावर उरलेल्या दुरुस्तीसाठीच्या नव्या प्लॅनचंही) तसंच, मूळ केसच्या सूचना तिथे सोबत येतात. त्यामुळे रिफाइनमेंट पाठवताना जुन्या कमेंट वाचून ज्या लागू नाहीत त्या रद्द करा, असं स्पष्ट लिहावं लागतं.

दुसरं, कायमची पसंती आणि केसचा फॉर्म यांत विरोध असेल तर फॉर्मचं चालतं. आमच्याकडे फॉर्म सहायक ताई भरायच्या आणि आधीच्या केसची नक्कल करून सुरुवात करायच्या. त्यात "आयपीआर: गरज असेल तर" ही जुनी टिक तशीच पुढे येत राहिली. चूक ताईंची नाही, नक्कल करायला मीच सांगितलं होतं. आता प्रत्येक केसचा फॉर्म कोरा उघडतो.

आणि एका वेळी एकच पसंती बदला. मी उत्साहात एकदा पाच गोष्टी बदलल्या आणि पुढचा प्लॅन बिघडल्यावर कशामुळे बिघडला ते कळेना. आता वही आहे: तारीख, काय बदललं, कुठल्या केसमध्ये काय दिसलं. वहीच्या पहिल्या पानावर 11 आणि 21 दोन्ही पद्धतींत काढून ठेवलेत.

शेवटचं, आणि हे व्हिजिटिंग ऑर्थोडाँटिस्टसाठी. मी महिन्यातून दोनदा विट्याला आणि एकदा तासगावला जाते. तिथल्या केस त्या त्या क्लिनिकच्या खात्यातून जातात, आणि पसंती खात्याला चिकटलेली असते, डॉक्टरला नाही. विश्रामबागचं सगळं नीट बसवून मी निर्धास्त झाले, आणि विट्याच्या पहिल्याच प्लॅनमध्ये डावा सुळा मोकळा दिसला. तिथलंही खातं युनिव्हर्सलवर होतं आणि चौकटीत माझंच जुनं वाक्य, कधीतरी मीच कॉपी करून दिलेलं. तासगावचं अजून बघायचंय, येत्या गुरुवारी जाईन तेव्हा पेशंट सुरू व्हायच्या आधी तेच उघडणार आहे.